दप्तरात न चढलेला वारसा

सन १९४८ च्या जानेवारीच्या ६ तारखेला कराची शहरात जी लूटमार आणि मनुष्यहत्या झाली, तिच्यानंतर सिंधी हिंदूंचा उरलासुरला धीर सुटला. आणि फाळणीच्या वणव्यात पंजाब जळत असतानाही आपल्या मुलखाला त्याची झळ पोचणार नाही अशा भरवशावर जी कुटुंबे शिकारपूर, लाडकाणा, सक्कर आणि हैदराबाद येथील आपापल्या पेढ्या व वाडे सांभाळून राहिली होती, ती मिळेल त्या आगबोटीने मुंबईच्या बंदराला लागू लागली. या माणसांना ठेवावयाचे कोठे, हा मुंबई सरकारपुढचा बिकट सवाल होता. परंतु त्याचे उत्तर एका अर्थी महायुद्धाने अगोदरच करून ठेवलेले होते. कल्याणनजीकच्या माळावर फौजेच्या ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठी उभारलेली दोन हजारांहून अधिक बराकींची एक विस्तीर्ण छावणी, युद्ध संपल्यामुळे, बहुतेक ओस पडलेली होती. मध्ये लांबलचक दालन आणि दोहो टोकांना खोल्या अशा त्या बराकी. त्यांत गोणपाटाचे आणि लुगड्यांचे आडोसे करून एकेका दालनात अनेक बिऱ्हाडे थाटली गेली, आणि ‘कल्याण कॅम्प’ हे नाव मराठी वृत्तपत्रांतून रोजचे झाले.

छावणीत दाखल होणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद करण्यास कारकून बसविलेले होते. कर्त्या पुरुषाचे नाव, बापाचे नाव, मूळ गाव, घरातील माणसे किती, त्यांत लहान मुले किती, या तपशिलावरून शिधा ठरे आणि बराकीतील जागाही ठरे. पुढे, मागे टाकून आलेल्या मालमत्तेच्या दाव्यांचे कागदही याच कुटुंबांच्या नावे निराळ्या दप्तरांतून साठू लागले. सुमारे एक लाख माणसांची ही मोजदाद होती, आणि ती घाईगर्दीत झाली असली तरी बेपर्वाईने झाली असे म्हणता येणार नाही. मात्र या माणसांनी सिंधमधून जे जे आणले, त्यात एक वस्तू अशी होती की जिचा पत्ता खुद्द आणणाऱ्यासही नव्हता. ती रक्तात होती. ती बाळगणारा मनुष्य धडधाकट असे, दुकान चालवी, म्हातारा होऊन मरे. आणि तीच वस्तू बाळगणाऱ्या दुसऱ्या तितक्याच धडधाकट व्यक्तीशी त्याचा विवाह झाला, तर त्या दोघांच्या पोटी क्वचित एखादे मूल असे जन्मास येई, की जे पाहून वैद्य, डॉक्टर आणि आजीबाई तिघेही गोंधळून जात.

मूल जन्मते तेव्हा त्यात काहीच वावगे दिसत नाही. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतर काही महिने शरीराचा कारभार चालविते. आणि ते ओसरून प्रौढ हिमोग्लोबिनाने त्याची जागा घ्यावयाची वेळ आली, म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या अलीकडेपलीकडे, घात उघडकीस येतो. मूल फिकट पडते, किरकिरते, अंगावर पिणे सोडते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक येते. पोट डाव्या बाजूने वाढत जाते, कारण पानथरी फुगलेली असते. मग, रक्त न मिळता ते जगलेच, तर दोन-तीन वर्षांत त्याचा चेहरा पालटू लागतो: कपाळ पुढे येते, नाकाचे हाड बसते, गालफडे रुंदावतात, वरचा जबडा पुढे सरकून वरचे दात ओठांबाहेर डोकावतात व त्यांच्यामध्ये फटी पडतात. उंची खुंटते. अशी निरनिराळ्या घरांतली, एकमेकांशी कसलेही नाते नसलेली दोन मुले शेजारी बसविली, तर ती सख्खी भावंडे वाटावीत, इतके त्यांचे चेहरे सारखे होतात. आणि आपल्याच आईबापांसारखी मात्र ती दिसेनाशी होतात.

या लक्षणांतील प्रत्येकाला आपल्याकडे जुने नाव होतेच. पिवळे डोळे म्हणजे कावीळ, खुंटलेली वाढ म्हणजे मुडदूस, फिकटपणा म्हणजे पांडुरोग, आणि वाढलेली पानथरी म्हणजे जुना मुरलेला हिवताप. कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली जाई, मुडदूस म्हणून माशाचे तेल पाजले जाई, हिवताप म्हणून क्विनाईन दिले जाई, आणि रक्त वाढावे म्हणून लोहाची औषधे दिली जात. यांतील शेवटचा उपाय तर विपरीत होता; कारण या मुलांच्या अंगी लोहाची उणीव नसते, उलट त्याचा संचयच त्यांच्या जिवावर उठतो. परंतु हे उमगण्यास अवकाश होता.

तो उलगडा ज्या मार्गाने झाला, तो मार्गही निर्वासितांच्या आणि परागंदा लोकांच्या वस्त्यांतूनच गेला आहे, ही गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. १९२५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात टॉमस कूली आणि पर्ल ली या दोघा डॉक्टरांनी काही बालकांची हकीकत प्रसिद्ध केली: रक्तक्षय, मोठी पानथरी आणि हाडांतील चमत्कारिक बदल. अशा व्याधीची मुले बहुतांशी इटली व ग्रीस येथून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची असत. कूलीची नजर आरंभी चेहऱ्यावर आणि हाडांवर खिळली होती. कवटीच्या क्ष-किरण चित्रात हाडातून केस ताठ उभे राहिल्यासारख्या रेषा दिसत. १९३२ साली जॉर्ज व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी या व्याधीस ‘थॅलेसेमिया’ हे समुद्रवाचक ग्रीक नाव दिले, आणि ते भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या लोकांचे दुखणे आहे असा समज वैद्यकात पक्का झाला. १९३८ साली कलकत्त्याच्या मुखर्जी यांनी एका भारतीय बालकात तेच दुखणे आढळल्याचे प्रसिद्ध केले. पण पुस्तकी समजापुढे एका प्रांतातील एका मुलाची हकीकत कितीशी टिकणार? मुंबईत अशी मुले दवाखान्याच्या बाकांवर येऊन बसत होती, आणि त्यांच्या केसपेपरवर पानथरी व पांडुरोग हीच अक्षरे उमटत होती.

मग १९४० नंतरच्या दशकात ज्ञानाची चाके एकदम वेगाने फिरली. १९४४ साली व्हॅलेंटाइन व नील यांनी दाखवून दिले, की या मुलांचे आईबाप दोघेही एका सौम्य, निरुपद्रवी दोषाचे वाहक असतात. दोष एकाच बाजूने आला तर मूल आईबापांसारखेच निरोगी वाहक होते, दोन्ही बाजूंनी आला तरच रोग. दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी निघण्याची शक्यता चारांत एक. हे ‘चारांत एक’ पुढे फार गैरसमजास कारण झाले, म्हणून येथेच सांगून टाकतो: एक मूल रोगी झाले म्हणजे पुढची तीन बिनघोर, असा त्याचा अर्थ नव्हे, दैवाचा फासा प्रत्येक वेळी नव्याने पडतो. या हिशेबाच्या चुकीपायी अनेक घरांनी दुसरे, क्वचित तिसरेही रोगी मूल पाहिले आहे.

१९४९ हे साल तर योगायोगांनी भरलेले आहे. त्या वर्षी ८ ऑगस्ट रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पाच्या जागी नव्या नगराची कोनशिला बसविली गेली, आणि राजमाचीच्या डोंगरातून उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे जाणाऱ्या नदीवरून त्या नगराचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. त्याच वर्षी, आदल्या उन्हाळ्यात स्टॉकहोम येथे भरलेल्या आनुवंशशास्त्र परिषदेतील जे. बी. एस. हॉल्डेन यांचा निबंध छापून निघाला. त्यात त्यांनी एक चमत्कारिक कल्पना मांडली होती: रोगी मुले वंश न वाढविता मरत असताही हा दोष नाहीसा होत नाही, याअर्थी त्याचे वाहक असलेल्यांना दुसऱ्या एखाद्या संकटापासून संरक्षण मिळत असले पाहिजे, आणि ते संकट बहुधा मलेरियाचे असावे. त्याच वर्षाच्या अखेरीस लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकल सेल हा रोग हिमोग्लोबिनाच्या रेणूतील फरकाचा रोग आहे असे सिद्ध केले. उल्हासनगरच्या बराकींना नळाचे पाणी कसे मिळावे याची विवंचना चालू असताना, तेथील मुलांच्या दुखण्याचे शास्त्र हजारो मैलांवर लिहिले जात होते. आणि या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कोणाच्याही स्वप्नी नव्हते.

संबंध होता तो सिंधूचा. सिंधूचे पूर ओसरल्यावर डबक्यांत उरणारे पाणी, त्यावर वाढणारे डास आणि दर शरदात येणारा हिवताप यांच्याशी त्या प्रांताची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती. १९२९ साली उत्तर सिंधमध्ये मलेरियाची जी भयंकर साथ आली, तिची चौकशी गॉर्डन कॉव्हेल या सरकारी मलेरियातज्ज्ञाने बेली यांच्या साहाय्याने केली असून, तिचा अहवाल १९३२ साली प्रसिद्ध झाला आहे. अशा मुलखात शेकडो वर्षे ज्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी किंचित लहान व किंचित निराळ्या होत्या, ती माणसे हिवतापातून अधिक संख्येने तगली, आणि त्यांचा वारसा वाढत गेला. तेव्हा कल्याण कॅम्पातील एखाद्या मुलाची फुगलेली पानथरी पाहून डॉक्टर त्यास क्विनाईन देत, यात एक विलक्षण विपर्यास होता. त्या मुलाला हिवताप नव्हता. पण त्याच्या पूर्वजांनी हिवतापाशी जो सौदा केला होता, त्याची किंमत ते फेडत होते.

सिंधी समाजात विवाह जुळविताना ‘नुख’ पाहिले जाते. आपल्याकडील सगोत्रविवाहाच्या निषेधासारखाच तो नियम आहे. सोयरीक एका नुखात होत नाही, परंतु समाजाबाहेरही सहसा होत नसे. मुलूख सुटल्यावर तर ही प्रवृत्ती बळावली, आणि ते स्वाभाविकच होते. ज्याची जमीन गेली, गाव गेले, भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही, त्याने निदान लेकीबाळी आपल्यात द्याव्यात असे मानले तर त्याला नावे कोणी ठेवावीत? परंतु रक्तातील दोष नुखाच्या सीमा मानीत नव्हता. तो हजारो वर्षांचा असल्यामुळे सर्वच नुखांत पसरलेला होता, आणि नुख भिन्न आहे एवढ्यावर निर्धास्त होणारी कुटुंबे वाहकाचे लग्न वाहकाशी लावून देत होती. पुढे ज्या पाहण्या झाल्या त्यांत सिंधी समाजातील वाहकांचे प्रमाण शंभरात पाचापासून पंधरापर्यंत निरनिराळे आढळले आहे. सबंध देशाचे प्रमाण शंभरात तीन-चार धरले जाते. हा सिंध्यांचाच दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. पंजाबी, गुजराती, कच्छी, बंगाली अशा अनेक समाजांत तो आहे, आणि आपापसांत विवाह करणाऱ्या प्रत्येक ज्ञातीच्या पदरात असे काही ना काही बांधलेले असतेच.

हे ज्ञातीचे मर्म मुंबईत एका गोमंतकीय विद्वानाने वेळीच ओळखले होते. विकृतिशास्त्राचे आचार्य वसंत रामजी खानोलकर यांनी ल. द. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील आनुवंशिक लक्षणांची तपासणी करून १९४९ च्या सुमारासच आपला निबंध विलायतेतील नियतकालिकात प्रसिद्ध केला. जातीची चर्चा आपल्याकडे शतकानुशतके झाली. पण जात ही रक्तगटांच्या प्रमाणांतूनही मोजता येते, हे दाखविण्याचे काम परळच्या प्रयोगशाळेत झाले. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या नावाने जगप्रसिद्ध झालेला रक्तगट शोधून काढला, आणि त्या शोधाने आलेल्या उमेदीतून १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र स्थापन झाले. तेच पुढे वाढत वाढत के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था झाले. उल्हासनगरच्या घरांना ज्या इमारतीत आपल्या रक्ताचे उत्तर मिळावयाचे होते, ती अशा रीतीने लोकलने दीड तासाच्या अंतरावर हळूहळू उभी राहत होती.

मधल्या काळात मुलांचे काय होत होते? रक्त न मिळालेले मूल बहुधा पाचव्या वर्षापलीकडे जात नसे. रक्त मिळे ते अगदी गळून गेल्यावर, जीव वाचविण्यापुरते. आणि त्यामुळे मूल जगे, पण चेहरा बिघडत राही. याचे कारण शरीराच्या एका अतिशय निष्ठावंत परंतु आंधळ्या उद्योगात आहे. हिमोग्लोबिनाच्या दोन जातींच्या साखळ्यांपैकी बीटा साखळी जवळजवळ तयारच होत नाही. जोडीदाराविना उरलेल्या आल्फा साखळ्या साचून तांबडी पेशी मज्जेतच फोडून टाकतात. रक्त कमी पडते आहे एवढेच शरीराला कळते, म्हणून घाण्याला जुंपलेल्या बैलासारखी मज्जा अहोरात्र राबते, वाढते, पसरते, आणि कवटी व जबड्याची हाडे आतून फुगवून पातळ करते. १९६४ साली फिलाडेल्फियाच्या आयर्व्हिंग वोलमन यांनी निरनिराळ्या पातळीवर हिमोग्लोबिन राखलेल्या मुलांची तुलना करून दाखविले, की मूल गळण्याची वाट न पाहता त्याला नियमाने रक्त देऊन हिमोग्लोबिन चढते ठेवले तर मज्जेचा हा आकांत थांबतो, उंची वाढते आणि चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. रोगाचे जे लक्षण चाळीस वर्षे त्याची ओळख म्हणून पुस्तकांत छापले गेले, ते रोगाचे नसून अपुऱ्या उपचाराचे लक्षण होते. माझ्या मते या सबंध इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना होय, आणि तिचा बोलबाला मात्र सर्वांत कमी झाला.

नियमाने रक्त द्यावयाचे म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी, जन्मभर. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आईबापांना याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नसे. पहाटेची लोकल, मांडीवर पेंगणारे मूल, शीवला किंवा परळला उतरणे, रक्तपेढीच्या खिडकीपुढे बदली रक्तदात्याचा सवाल, आणि संध्याकाळच्या गर्दीत परतीचा प्रवास. घरोघर ‘आज रक्त चढवायला न्यायचे आहे’ हे वाक्य पंचांगातील तिथीसारखे बोलले जाऊ लागले. कापडाच्या दुकानातील नोकर, विमकोच्या आगपेट्यांच्या कारखान्यातील कामगार किंवा आयुधनिर्माणीतील कारागीर, ज्याचे मूल असे निघाले त्याच्या हक्काच्या रजा वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच संपत. त्या काळी रक्त विकून पोट भरणारे धंदेवाईक दातेही असत. त्यांच्या आणि अपुऱ्या तपासणीच्या रक्ताने किती मुलांना कावीळ व पुढे एड्सचे विषाणू दिले, हा या कथेतील काळाकुट्ट भाग आहे. दान केलेल्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी १९८९ साली सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. आणि हिपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची होण्यास २००१ साल उजाडले. या तारखांच्या अलीकडे जन्मलेले मूल आणि पलीकडे जन्मलेले मूल यांच्या नशिबात केवळ कॅलेंडरमुळे अंतर पडले.

रक्ताबरोबर लोह येते, आणि ते शरीराबाहेर जाण्यास वाट नाही. ते यकृतात, हृदयात आणि मस्तकातील पियूषिका ग्रंथीत साचते. म्हणून चेहरा सावरलेली मुलेही बारा-चौदा वर्षांची होऊन वयात येईनात, आणि विशीच्या आतबाहेर हृदय थकून जाऊ लागली. लोह बांधून बाहेर काढणारे डेस्फेरल हे औषध सिबा कंपनीने १९६० नंतर आणले. परंतु ते पोटात घेऊन चालत नसे. लहानशा पंपाला जोडलेली सुई पोटाच्या कातडीखाली खुपसून आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री ते सोडावे लागे. मात्रा अधिक झाली तर त्याने दृष्टी व श्रवण अधू होत असे, म्हणून ज्या मुलांच्या डोळ्यांत पूर्वी कावीळ पाहिली जाई, त्यांच्या डोळ्यांचा पडदा आता दरसाल तपासला जाऊ लागला. हे औषध, पंप आणि सुया यांचा खर्च मध्यमवर्गासही पेलण्याजोगा नव्हता. पुष्कळ घरांत औषध आठवड्यातून एकदोन रात्रीच दिले जाई, आणि डॉक्टरांपुढे हिशेब पुऱ्या रात्रींचा सांगितला जाई.

येथे मुंबईने जगाच्या पुढे एक पाऊल टाकले. लंडनमध्ये तयार झालेले डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यावयाचे औषध डॉ. मोहन अगरवाल यांनी मुंबईच्या रुग्णांत वापरून त्याचे अनुभव १९९२ साली प्रसिद्ध केले. आणि सिप्ला कंपनीने ते ‘केल्फर’ या नावाने १९९५ च्या सुमारास बाजारात आणले, तेव्हा या औषधास परवाना देणारा भारत हा पहिला देश ठरला. पुढे टोरांटो येथे याच औषधाच्या सुरक्षिततेवरून संशोधक आणि कंपनी यांच्यात जो कडवा वाद माजला, तो वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. सांधे दुखणे, पांढऱ्या पेशी घटणे असे त्याचे अपाय खरेच होते, आणि रक्ताची तपासणी वारंवार करावी लागे. परंतु ज्या घरात सुईचे औषध कधी येणारच नव्हते, त्या घरापुढची निवड उत्तम आणि मध्यम यांतली नव्हती.

आता वाहक ओळखण्याचा प्रश्न. १९५५ साली हेन्री कुंकेल यांनी हिमोग्लोबिनाचा ‘ए-टू’ हा अल्प घटक वेगळा काढला, आणि तो वाहकांत वाढलेला असतो हे लवकरच ध्यानात आले. खात्रीची कसोटी हाती आली, पण ती खर्चिक आणि प्रयोगशाळेपुरती. हजारो लोकांची चाळणी करावयास काही सोपे हवे होते. ते काम १९८८ साली मुंबईच्या डॉ. बी. सी. मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकवस्तीच्या पाहणीत वापरलेल्या ‘नेस्ट्रॉफ्ट’ या तपासणीने केले. तिची रचना पाहून कौतुक वाटते. शेकडा ०.३६ मिठाचे पाणी घेतलेल्या नळीत रक्ताचा एक थेंब सोडावयाचा, थोडा वेळ थांबावयाचे, आणि नळीच्या मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावरची काळी रेघ दिसते की नाही ते पाहावयाचे. साधारण मनुष्याच्या तांबड्या पेशी अशा सौम्य खारट पाण्यात फुगून फुटतात, द्रव पारदर्शक होतो व रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या पेशी फुटावयास नकार देतात, पाणी गढूळ राहते आणि रेघ लपते. वीज नको, यंत्र नको. रेघ लपली, की खात्रीसाठी रक्त पुढच्या तपासणीस धाडावयाचे. लोहाच्या कमतरतेनेही ती कधी लपते, हा तिचा दोष. परंतु शाळा-महाविद्यालयांतून आणि सिंधी पंचायतींच्या आवारांतून जी तपासणी शिबिरे भरू लागली, त्यांना बळ मिळाले ते अशा स्वस्त तपासणीचे.

जनुकाचा पाठलाग दरम्यान दुसरीकडे पुरा होत होता. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेत ऑर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांना काही भारतीय रुग्णांत बीटा जनुकाचा शेवटचा तुकडा तुटून गेल्याचे आढळले; तुटलेला भाग मोजला तो ६१९ अक्षरांचा भरला. हा तुकडा प्रत्येक रुग्णात अगदी त्याच अक्षरापासून त्याच अक्षरापर्यंत गेलेला असे, आणि तो जवळजवळ केवळ सिंधी व गुजराती वंशाच्या लोकांतच सापडे. म्हणजे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातील मूल आणि लंडनच्या उपनगरातील, आजोबांनी नैरोबी पाहिलेले मूल, यांच्या रक्तातील तूट एकाच कोणा पूर्वजापासून आलेली होती, ज्याचे नाव कोणत्याही वहीत नाही. १९९१ साली मुंबईच्या नर्मिन वारावाला यांनी ऑक्सफर्ड येथे जॉन ओल्ड व डेव्हिड वेदरॉल यांच्यासह सबंध उपखंडातील अशा दोषांची फेरिस्त केली, तेव्हा केवळ पाच प्रकारांत दहांतील नऊ वाहकांची वासलात लागते असे दिसून आले. त्याचा व्यावहारिक उपयोग मोठा होता: दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाच्या आवरणातून सूक्ष्म नमुना घेऊन, पाच ठिकाणी पाहून, मूल रोगी आहे की नाही हे सांगता येऊ लागले. परळला हे काम रोशन कोलाह आणि दीपिका मोहंती यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे चालले.

इतके सगळे हाती असताना उल्हासनगरमध्ये अशी मुले जन्मत राहिली, आणि याचे कारण प्रयोगशाळेत शोधून सापडत नाही. ते सोयरिकीच्या बैठकीत आहे. सिंधी घरात लग्न ठरते तेव्हा आधी कच्ची मिसरी होते, मग पक्की. या दोहोंच्या मध्ये मुलाचे शिक्षण, धंदा, घराची जागा, मुलीचा रंग, उंची या साऱ्यांची चौकशी होते. ‘मायनर आहे का?’, म्हणजे वाहक आहे का, हा एक प्रश्न तेवढा वर्षानुवर्षे कोणी विचारला नाही. कारण जो विचारील त्याने आधी स्वतःचे उत्तर द्यावयाचे, आणि मुलगी वाहक निघाली तर तिच्या धाकट्या बहिणींचीही स्थळे मोडतील ही धास्ती. तपासणी शिबिरात वाहक ठरलेल्या कित्येक मुलींच्या आयांनी अहवालाचा कागद कपाटात ठेवून दिला. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु वाहक असणे म्हणजे आजार नव्हे, वाहकाचे लग्न वाहक नसलेल्याशी बेलाशक लावावे, एवढी साधी गोष्ट ज्यांनी समजावून सांगावयाची त्यांनी नुसते ‘पॉझिटिव्ह’ असे कागदावर लिहून दिले, याची जबाबदारी मी अधिक मानतो. आणि तपासणीची वेळही चुकत होती. लग्न ठरल्यावर कळलेले सत्य कोणी ऐकत नाही. ते शाळा सुटण्याच्या वयात कळावयास हवे, म्हणजे पुढची निवड माणूस ते जाणून करतो. गरोदरपणी होणारी तपासणी तर अखेरची पायरी. तेथे बाईच्या पुढ्यात येते तो निर्णय तिने एकटीने घ्यावा इतका क्रूर असतो, आणि बहुधा तो तिच्या सासरचे लोक घेतात.

सायप्रस बेटात याच्या उलट घडले. लोकसंख्येतील दर सात माणसांत एक वाहक असलेल्या त्या छोट्या देशात १९८० च्या दशकात चर्चनेच विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला. लग्नास मनाई नव्हती, केवळ दोघांनी जाणून घ्यावे एवढीच अट होती. आणि काही वर्षांतच रोगी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ पासून तपासणी सक्तीची केली. खुद्द सिंध प्रांताच्या विधिमंडळाने २०१३ साली या रोगाच्या प्रतिबंधाचा कायदा केला. आपल्या देशात दरसाल दहा-बारा हजार बालके हा रोग घेऊन जन्मतात असा अंदाज सांगितला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला, हे त्या मुलांच्या सवलतींच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु विवाहपूर्व तपासणी अजून ऐच्छिक आहे. सक्ती करावी की नाही याबद्दल माझे मन पुरते ठरलेले नाही. दाखल्याची सक्ती झाली की दाखला विकणाराही उभा राहतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव.

तिकडे उल्हासनगरच्या शेजारी, शिलाहारांच्या काळातील, शके ९८२ चा शिलालेख मिरविणाऱ्या शिवालयाचे अंबरनाथ आणि भातशेतीचे व जांभळांचे बदलापूर ही दोन गावे मुंबईत जागा न परवडणाऱ्या नोकरदारांनी भरून गेली आहेत. तेथील इमारतींत एका जिन्यावर सिंधी, मराठी, गुजराती, उत्तर हिंदुस्थानी अशी बिऱ्हाडे राहतात, त्यांची मुले एका महाविद्यालयात जातात आणि नुख वा कुळी न विचारता लग्नेही करतात. यामुळे वाहकाशी वाहकाची गाठ पडण्याचे प्रमाण काहीसे घटेल हे खरे. पण ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचा दोष आहे, आणि सिकल सेलचा एक वाहक व थॅलेसेमियाचा एक वाहक यांच्या अपत्यात दोन्हींचे मिळून तिसरेच दुखणे उभे राहते. म्हणून तपासणी एका समाजापुरती ठेवण्याचे दिवस येथे संपले आहेत.

आणि ज्यांच्याविषयी एकेकाळी पाच वर्षांची मुदत सांगितली जाई, त्यांच्यापैकी नियमित रक्त व लोह उतरविणारी औषधे मिळालेले कित्येक जण आज तिशी-चाळिशीत आहेत. चेहऱ्यावरून ते ओळखू येत नाहीत. बँकेत, दुकानात, संगणकाच्या कचेरीत नोकरी करतात, महिन्यातून एक-दोन शनिवार रक्त चढविण्यास देतात, आणि आता स्वतःच्या लग्नाची बोलणी करताना समोरच्या व्यक्तीला तपासणीस घेऊन येतात. ती व्यक्ती वाहक नसेल, तर त्यांची सर्व मुले वाहक होतील, रोगी एकही होणार नाही. आणि ती मुले मोठी झाली म्हणजे त्यांच्या आईबापांना मिसरीच्या आधी तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.